पावसाचे स्पंद आणि त्यांची मोजणी

तंजावरचा प्रदेश कावेरीच्या पाण्यावर जगतो हे खरे. परंतु तेथील मुख्य पाऊस आषाढ-श्रावणात न पडता ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. त्या वेळी सांबा हंगामाचे भात शेतात उभे असते आणि जमीन सपाट असल्यामुळे पाणी लवकर ओसरत नाही. म्हणून पाऊस किती पडला याबरोबरच तो किती वेळात पडला हेही तेथे कळावे लागते.

याकामी कलंडत्या पात्राचा पर्जन्यमापक वापरतात. नरसाळ्यातून उतरणारे पाणी आसावर झुलणाऱ्या जुळ्या पात्रांपैकी एकात साठते. ते भरून कलंडले की दुसरे धारेखाली येते. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असून प्रत्येक कलंडणे ०.२ मिलिमीटर पावसाचे धरले, तर पात्रात सुमारे ६.३ मिलिलिटर पाणी मावले पाहिजे.

पात्रावरील चुंबक कलंडताना रीड स्विचजवळून जाते आणि त्या काचनळीतील दोन लोहपट्ट्या क्षणभर जुळतात. हाच संवेदकाचा स्पंद. स्विच स्वतः वीज निर्माण करीत नाही, हे नवशिक्याच्या सहसा ध्यानात येत नाही. म्हणून त्याचे एक टोक १०० किलो-ओहमच्या रोधकातून ५ व्होल्टच्या तारेला व दुसरे ऋण तारेला जोडतात. स्विच उघडा असताना रोधकाच्या सांध्यावर ५ व्होल्ट दाब राहतो. मिटताच तो शून्यावर येतो.

खरी अडचण पुढेच आहे. पट्ट्या एका दमात जुळत नाहीत. आपटतात, उघडतात, पुन्हा आपटतात. ही थरथर फार तर एखादा मिलिसेकंद टिकते, पण इलेक्ट्रॉनिक गणकाला तेवढा अवधी भरपूर होतो. एका कलंडण्याचे तीन स्पंद मोजले गेले, तर ०.२ चे ०.६ मिलिमीटर होतात आणि साध्या सरींची नोंद अतिवृष्टी म्हणून होऊ शकते.

उपाय अगदी स्वस्त आहे. स्विचला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावावे. मात्र त्याच्या एका टोकाशी १०० ओहमचा रोधक हवा, नाहीतर विसर्जनाच्या प्रवाहाने पट्ट्या खराब होतात. स्विच मिटताच धारित्र झटकन रिकामे होते, पण भरताना मोठ्या रोधकातून सावकाश, सुमारे १० मिलिसेकंदांच्या मापाने, भरते. त्यामुळे थरथरीत दाब वर चढू शकत नाही. पुढे सीडी ४०१०६ हा श्मिट ट्रिगर जोडावा. दाब सुमारे २.९ व्होल्टच्या वर किंवा १.९ च्या खाली गेल्याखेरीज तो आपले उत्तर बदलत नाही. ताशी १०० मिलिमीटरच्या मुसळधार पावसातही दोन कलंडण्यांत ७ सेकंदांहून अधिक अंतर असते. तेव्हा काही मिलिसेकंदांच्या विलंबाने काहीच बिघडत नाही.

स्वच्छ झालेला स्पंद सीडी ४०४० या गणकाला द्यावा. तो ४,०९६ कलंडण्यांनंतर, म्हणजे सुमारे ८१९ मिलिमीटर पावसानंतर, पुन्हा शून्यावर येतो. रोज सकाळी साडेआठला आकडा टिपून गणक शून्यावर आणला की पुरे.