गंगाथडीच्या नावा

परभणी जिल्ह्यास समुद्र नाहीं, बंदर नाहीं. आमच्या शिक्षकीच्या दिवसांत 'जहाजाचा नांगर' हे शब्द धड्यांत आले कीं मुलांच्या डोळ्यांपुढें बैलजोडी उभी राही, आणि फळ्यावर चित्र काढून तो घोटाळा निस्तरावा लागे. अशा जिल्ह्यांतल्या मनुष्यानें नावांची चर्चा आरंभावी हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु पाथरीपासून पालम-पूर्णेपर्यंत गोदावरी या जिल्ह्यांतून वाहते. तिच्या दोन्ही थड्यांवर गांवें आहेत. ज्याचें घर अलीकडे व शेत पलीकडे, किंवा ज्याची लेक पैलतीरीं दिलेली, त्याच्या घरीं नावेची गोष्ट ही विहिरीच्या गोष्टीइतकीच नित्याची असते. पूल आहेत, पण पूल गांवाच्या सोयीनें थोडेच येतात!

मध्यंतरीं गंगाखेडाच्या वरच्या व खालच्या अंगास फिरण्याचा योग आला, तेव्हां नावांच्या मालकांस आम्ही एकच प्रश्न विचारीत गेलों : जुनी नाव बरी, कीं नवी? उत्तरें मिळालीं तीं एका तोंडाचीं नव्हतीं, म्हणूनच तीं येथें नमूद करावींशीं वाटलीं.

जुनी नाव म्हणजे काय तें प्रथम सांगितलें पाहिजे. सागवानी किंवा आंब्याच्या फळ्या, सपाट तळ, आंतून आडवे दांडे, आणि बाजू बेताच्याच उंच. तळ सपाट कां, तर नदी वाळूची. थोड्या पाण्यावरहि नाव तरली पाहिजे आणि वाळूस लागली तर कलंडतां कामा नये. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या नाहीं तर जुनें कापड ठासून वरून डांबर द्यावयाचें. वल्ह्याचें काम थोडें. लांब वेळू तळाला टेंकवून नाव रेटीत न्यावयाची. पावसाळा सरला कीं पाणी ओसरे, मार्गशीर्षांत तें कंबरेइतकें होई, आणि चैत्र-वैशाखांत बायका लुगडीं सांवरून उतारानें चालत पलीकडे जात. नाव तोंवर काठावर पालथी पडलेली.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत 'नावध्यक्ष' नामक अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. हिंवाळ्या-उन्हाळ्यांतहि ज्या नावेनेंच उतराव्या लागतात अशा महानद्यांवर मोठ्या नावा, व पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या क्षुद्र नद्यांवर लहान नावा योजाव्या, असें तो सांगतो. आमच्या भागांतली गोदावरी नांवानें महानदी खरी, पण उताराच्या गांवांपुरती ती दुसऱ्या वर्गांत मोडे. आतां तसें राहिलें नाहीं. वर पैठणास जायकवाडीचें धरण झालें. त्याचें उद्घाटन १९७६ सालीं झालें. पुढें ढालेगांव, मुदगल, मुळी, डिग्रस या ठिकाणीं नदीवर दरवाजांचे बंधारे उभे राहिले. बंधाऱ्याच्या मागें पाणी दूरवर तुंबून राहतें. शेतीला त्याचा लाभ झाला हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. पण उतार बुडाले, आणि जेथें वेळू टेंकत असे तेथें तो टेंकेनासा झाला. वाहत्या नदीसाठीं घडविलेली नाव अशा रीतीनें लांबट तलावावर येऊन पडली. नव्या-जुन्या नावांचा वाद मुळांत येथून निघतो. केवळ फॅशनीचा तो वाद नव्हे.

एका घाटावर सत्तरी ओलांडलेले एक नावाडी भेटले. त्यांची नाव लांकडी. गाऱ्हाणीं पुष्कळ होतीं : सागवान परवडत नाहीं, नाव बांधणारा सुतार पंचक्रोशींत उरला नाहीं, नाव चार महिने उन्हांत राहिली कीं फळ्या आकसून सांधे उघडे पडतात, आणि दर वर्षीं डांबराचा खर्च चुकत नाहीं. आम्हीं म्हटलें, "मग बाबा, ही सोडून पत्र्याची कां करीत नाहीं?" त्यावर त्यांनीं नावेच्या कडेवर हात ठेवला व म्हणाले, "गुरुजी, लाकडाची नाव पाण्यानं भरली तरी खाली जात नाई. उलटी झाली तरी वर ऱ्हाती. धरायला कायतरी ऱ्हातं बघा."

हें वाक्य आम्ही विसरूं शकलों नाहीं, कारण पदार्थविज्ञानाच्या तासाला आर्किमिडीजचा नियम पाठ करून घेतांना जें आमच्या तोंडून कधीं निघालें नाहीं तें या वृद्धानें एका श्वासांत सांगितलें. सागवान पाण्याहून हलकें. त्याच्या समान आकाराच्या पाण्याचें वजन शंभर धरलें तर त्याचें पासष्टाच्या आसपास भरतें. लोखंडाचें तेंच वजन पावणेआठशें. लोखंडी नाव तरंगते ती लोखंडाच्या गुणानें नव्हे, तर तिच्या पोटांतल्या हवेच्या गुणानें. हवेची जागा पाण्यानें घेतली कीं ती दगडासारखी तळ गांठते. फायबरची नाव दिसावयास हलकी, पण कांचेचे धागे व राळ यांचा तो पदार्थ स्वतः पाण्याहून जडच असतो. तीहि भरली कीं बुडते. म्हणून चांगला कारागीर अशा नावांच्या दोन्ही टोंकांस हवाबंद कप्पे ठेवतो, किंवा फेंसासारखा हलका पदार्थ भरतो. आमच्या पाहण्यांत आलेल्या पत्र्याच्या नावांपैकीं बहुतेकींत असा कप्पा नव्हता. विचारलें तर उत्तर एकच, "जागा जाते."

तथापि पत्र्याच्या नावेच्या मालकाचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. तिला सुतार नको. वेल्डिंगच्या दुकानांत पत्रा आणि कोनपट्टी आणून दिली कीं काम झालें. सांधा गळत नाहीं, ठोकर लागली तर पोचा येतो पण फळी फुटत नाहीं, आणि खोल पाण्यांत इंजिनाचा हादरा ती सोसते. तिचे शत्रू दोनच, तळाचा गंज आणि वैशाखाचें ऊन. दुपारीं त्या नावेंत पाय ठेवून पाहावा म्हणजे दुसऱ्याचा प्रत्यय येतो. घाटावर उभ्या असलेल्या बायकांनीं तर आपलें मत न विचारतांच सांगितलें : लांकडी नावेची कड ठेंगणी, डोक्यावर गांठोडें व कडेवर मूल असलें तरी चढतां येतें, या नव्या नावांत उडी मारावी लागते. नावा बांधणाऱ्यांनीं उतारूंस कधीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं, आणि उतारूंत निम्म्या तरी बायका असतात.

फायबरच्या नावेची तारीफ आम्हीं जिंतूर तालुक्यांत, पूर्णा नदीवरील येलदरीच्या जलाशयाकडे ऐकली. तेथें मासे धरणारा एक तरुण म्हणाला कीं दोघांनीं उचलली कीं नाव काठावर येते, इंधन कमी लागतें, डांबराची कटकट नाहीं. कोंकणांतहि लहान होड्यांच्या बाबतींत लांकूड मागें पडून फायबर पुढें आलेंच आहे. पण तडा गेला तर काय, असें विचारतांच तो हंसला. ती राळ व तें कापड वापरून दुरुस्ती करणारा हात त्याच्या गांवांत नव्हता. शिवाय रिकामी असतांना वारा सुटला तर ती पानासारखी वाहवते, असेंहि त्यानें प्रांजळपणें सांगितलें.

सर्वांत नवी आणि सर्वांत स्वस्त चीज मात्र नाव या नांवास पात्र नाहीं. थर्मोकोलचे तक्ते एकमेकांस बांधून वर पोतें गुंडाळलें कीं तराफा तयार. जाळें टाकणारा एकटा मनुष्य त्यावर बसून काम उरकतो, त्यास आमची हरकत नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीनें सुक्या भोपळ्यांची सांगड बांधून नद्या ओलांडल्या. हा तोच भोपळा, कारखान्यांतून आलेला! परंतु सांगड पोहणाऱ्यासाठीं होती. जायकवाडीच्या फुगवट्यांतील भिवधानोरा या गांवचीं मुलें अशाच तराफ्यांवरून शाळेस जात असल्याचें २०२३ सालीं वृत्तपत्रांत गाजलें, तें वाचून आम्हांस रात्रीं झोंप आली नाहीं. थर्मोकोल बुडत नाहीं हें खरें. पण त्यावर बसलेलें मूल एका अंगास झुकलें कीं तक्ता उलटतो, आणि न बुडणारा तक्ता वर व मूल खालीं, अशी अवस्था होते.

म्हणजे तरंगणें निराळें आणि स्थिर राहणें निराळें. आमच्या पूर्वजांस हा भेद ठाऊक होता. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नावांचे प्रकार लांबी, रुंदी व उंची यांच्या मापांसह दिले आहेत. राधाकुमुद मुखर्जी यांनीं १९१२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांची चर्चा केली आहे. 'क्षुद्रा' नाव सोळा हात लांब, चार हात रुंद व चार हात उंच. पुढें 'भीमा', 'भया' व 'गर्भरा' हे प्रकार ग्रंथकारानें अशुभ ठरविले आहेत. या अशुभाच्या मुळाशीं तोल न सांभाळण्याचा दोष असावा, असा तर्क मुखर्जींनीं केला आहे, आणि तो आम्हांस पटतो. उंची वाढली कीं भार वर चढतो, आणि वर चढलेला भार नावेस फिरवितो. जुन्या नावाड्याचें "बसा, बसा, उभे राहूं नका" हें ओरडणें म्हणजे हेंच शास्त्र.

याच गोदावरीवर, खालीं आंध्रांत देवीपट्टणमजवळ, १५ सप्टेंबर २०१९ रोजीं नदीला पूर असतां सहलीची एक दुमजली इंजिनाची नाव बुडाली व पन्नासाच्या आसपास माणसें गेलीं. नाव नव्या तऱ्हेची होती. नदीच्या तळांतून तिचा सांगाडा वर काढावयास महिन्याहून अधिक काळ लागला. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या फुगवट्यांत, इंदापूर तालुक्यांतील कळाशी व करमाळा तालुक्यांतील कुगांव यांच्या दरम्यान, वावटळींत एक प्रवासी नाव उलटून सहाजण मेले. एका ठिकाणीं पूर, दुसऱ्या ठिकाणीं धरणाचें तुंबलेलें पाणी व वारा. आमच्या बंधाऱ्यांचें पाणी या दुसऱ्या जातीचें आहे, आणि येथील उतारूंस पुराची भीति आहे तशी वाऱ्याची नाहीं. २००६ च्या ऑगस्टांत आणि २०२५ च्या सप्टेंबरांत जायकवाडीच्या पाण्यानें काय केलें तें थडीवरची लहान मुलेंहि सांगतात. पण उन्हाळ्यांतल्या संध्याकाळीं आभाळ काळवंडलें असतां नावेंत बसूं नये, हें सांगणारा मोठा मनुष्यहि विरळा.

आतां उत्तरदायित्वाचा प्रश्न. माणसें किंवा साहित्य अपुरें असतां, अथवा डागडुजी न केलेली नाव बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें, असा कौटिल्याचा दंडक आहे. नावाडी गरीब असतो, त्याच्यापाशीं देण्यास कांहीं नसतें. म्हणून भार अधिकाऱ्याच्या माथीं. आपल्याकडे १९१७ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा शंभर वर्षांवर चालला. त्याच्या जागीं आलेल्या २०२१ च्या कायद्यांत इंजिन नसलेल्या साध्या नावांचीहि नोंद जिल्हा, तालुका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवर करण्याची तरतूद आहे. आम्ही ज्या घाटांवर गेलों तेथें अशा नोंदीविषयीं विचारलें असतां मालकांनीं आमच्याकडेच प्रश्नार्थक मुद्रेनें पाहिलें. नाव लांकडी असो कीं पत्र्याची, तिची वर्षांतून एकदां कोणी तपासणी केली आणि किती माणसें घ्यावीं याची रेघ तिच्या बाजूवर रंगानें ओढली, तर जुन्या-नव्याचा अर्धा वाद तेथेंच मिटेल असें आमचें मत आहे. तोंवर ज्यांच्या घरचीं माणसें रोज पार होतात त्यांनीं चढण्यापूर्वीं नावेची कड पाण्याच्या किती वर आहे तें पाहावें, आणि वीतभरहि नसेल तर पुढच्या खेपेस थांबावें. पोहण्याचीं जाकिटें नसलीं तर झांकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा तरी प्रत्येक मुलाच्या हातीं द्यावा. पांच लिटरांचा असा डबा मुलाचें डोकें पाण्यावर ठेवण्यास पुरतो.

त्या वृद्ध नावाड्यांच्या पुतण्यानें पुढच्या हंगामासाठीं पत्र्याच्या नावेची मागणी नोंदविली आहे. काकांनीं आढेवेढे घेतले नाहींत; अट मात्र घातली कीं दोन्ही टोंकांच्या बसण्याच्या फळ्यांखालीं तेलाचे चार रिकामे पिंप बंद करून बसवावे, आणि नावेची कड बायकांना चढतां येईल इतकीच ठेवावी. पिंप मिळाले आहेत. वेल्डिंगवाला म्हणतो, जागा जाते.