टपालातील फिल्म आणि सुरक्षेची किंमत

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या विमानतळावर उतरले आणि टाटांच्या हवाई टपालसेवेचा आरंभ झाला. त्या टपालापुढे वारा-पावसाची विघ्ने होती. आजच्या हवाई टपालाला तपासणीच्या यंत्रांतून जावे लागते. त्यात बळी जातो तो न धुतलेल्या फिल्मचा.

फिल्मवरील चांदीचे क्षार प्रकाशाने बदलतात, तसेच क्ष-किरणांनीही बदलतात. मग रोल धुतल्यावर चित्रावर धुके पसरलेले दिसते. हा परिणाम प्रत्येक तपासणीगणिक साठत जातो. फिल्म जितकी वेगवान, तितकी हानी अधिक. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू धाडले गेले आणि पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर वॉशिंग्टनच्या सरकारी टपालावर इलेक्ट्रॉन-किरणांचा मारा सुरू झाला. त्यातून फिल्म वाचणे अशक्यच.

सुरक्षा हवी, याविषयी दुमत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ती सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना मिळतो. प्रश्न आहे तो तिच्या किमतीच्या वाटणीचा. रोल पुन्हा विकत घेता येतो; जुहूच्या वाळूवर टिपलेले मुलांचे बालपण नव्हे. ही हानी एकट्या प्रेषकाच्या माथी पडते. १८९८ च्या कायद्याने टपालखात्याला नुकसानीच्या दायित्वातून बव्हंशी मुक्त ठेवले होते. जून २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्यानेही, नियमांनी ठरविलेले दायित्व वगळता, तीच सवलत चालू ठेवली. ज्याला भरपाई द्यावी लागत नाही, त्याला अधिक काळजी घेण्याचे आर्थिक कारण उरत नाही.

२०१० मध्ये स्टीव्ह मॅककरी यांनी कोडाक्रोमचा अखेरचा रोल, ज्यात मुंबईतील चित्रेही होती, कॅन्ससमधील पार्सन्स गावी स्वतः नेऊन दिला. सामान्य माणसाला ही चैन परवडणारी नाही. त्याने रोल शक्यतो येथेच धुऊन घ्यावा. धुतलेल्या फिल्मला क्ष-किरणांची बाधा होत नाही. शिशाच्या पिशवीवर भिस्त ठेवू नये, कारण आतले दिसले नाही की पाकीट पुन्हा तपासले जाण्याचा संभव असतो.

परंतु नागरिकाच्या सावधगिरीने शासनाचे कर्तव्य संपत नाही. टपाल कचेरीच्या खिडकीवर धोक्याची स्पष्ट सूचना असावी आणि वाजवी शुल्क घेऊन अशा पाकिटांची हाताने तपासणी व्हावी. सुरक्षेची किंमत समाजाने जरूर मोजावी. मात्र ती कोणाकडून वसूल होणार, हे त्याला आधी सांगितले पाहिजे.