मोठी एअरलाइन म्हणजे सगळं तिकिटात?

"आपलं तिकीट लुफ्तान्साचं आहे, रायनएअरचं नव्हे. बॅग, जेवण, सगळं आलंच त्यात." युरोपला निघालेल्या घरांमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्युनिकला शिकणाऱ्या मुलीकडे निघालेले आईवडील ते म्हणतात, स्वतःच तिकिटं काढून फिरणारी तरुण जोडपी म्हणतात, आणि पंचवीस वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानिमित्त युरोपात जाऊन आलेले काका तर छातीठोकपणे सांगतात. कितीही वेळा खोडून काढलं तरी पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा कानावर येतंच. युरोपातल्या युरोपातल्या दीड-दोन तासांच्या विमानप्रवासापुरतं बोलायचं, तर हे वाक्य आज चूक आहे. आणि त्या चुकीचे पैसे बॅग काउंटरवर ठेवल्या ठेवल्या युरोमध्ये भरावे लागतात.

काका सांगतात ते त्यांच्या काळी खरं होतं. युरोपातली विमानसेवा कितीतरी वर्षं सरकारा-सरकारांतल्या करारांवर चालत असे. कोणत्या मार्गावर कोणी उडायचं आणि भाडं किती घ्यायचं, हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं असे. भाड्यात स्पर्धा नाही म्हटल्यावर स्पर्धा उरली ती गरम जेवणात आणि वाइनच्या पेल्यात. 1 जानेवारी 1993 पासून युरोपीय समुदायाने यातली बहुतेक बंधनं उठवली आणि एप्रिल 1997 मध्ये बाजार पूर्ण खुला झाला. कोणत्याही सदस्य देशातल्या कंपनीला दुसऱ्या सदस्य देशाच्या दोन शहरांदरम्यानही विमानं चालवता येऊ लागली. रायनएअर आणि इझीजेट या स्वस्त, म्हणजे लो-कॉस्ट, कंपन्या वाढल्या त्या याच मोकळ्या रानात. त्यांनी तिकिटाचा अर्थच आक्रसून टाकला: एका माणसाला एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर नेणं, बस. बाकी प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे.

जुन्या कंपन्यांनी आधी नाकं मुरडली आणि मग तीच वाट धरली. ब्रिटिश एअरवेजने 2013 मध्ये फक्त हातातल्या सामानाचं तिकीट विकायला सुरुवात केली. लुफ्तान्साने ऑक्टोबर 2015 मध्ये युरोपातल्या उड्डाणांसाठी 'लाइट' नावाचा दर आणला. त्यात चेक-इन बॅग नाही. जेवणाचं तेच झालं. जानेवारी 2017 मध्ये ब्रिटिश एअरवेजने छोट्या अंतराच्या इकॉनॉमीत फुकटचा खाऊ बंद करून मार्क्स अँड स्पेन्सरचे सँडविच विकायला काढले. 2021 मध्ये लुफ्तान्सानेही युरोपातल्या इकॉनॉमीत खाणं विकत देण्याचा मार्ग पत्करला. म्हणजे हा बदल काही कालपरवाचा नाही. तरी घराघरांतला सल्ला त्याच्या आधीच्या सालांत अडकून बसला आहे, आणि मला चीड येते ती याची. ही सगळी माहिती त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आहे, तिकीट काढताना डोळ्यांसमोर येते, पण "मोठी कंपनी आहे, काय बघायचंय त्यात" असं म्हणत बोट सरळ पैसे भरायच्या बटणावर जातं.

आज सर्वांत स्वस्त दरात काय मिळतं? बहुतेक मोठ्या कंपन्या केबिन बॅग देतात, पण मापं निरनिराळी. लुफ्तान्साची केबिन बॅग 8 किलोची. केएलएम आणि एअर फ्रान्समध्ये केबिन बॅग आणि खांद्यावरची पिशवी मिळून 12 किलो. ब्रिटिश एअरवेज याबाबतीत खूपच उदार आहे: 23 किलोपर्यंतची केबिन बॅग चालते, फक्त ती स्वतः वर ठेवता आली पाहिजे. फिनएअरच्या 'सुपरलाइट' दरात मात्र पुढच्या सीटखाली मावेल एवढी छोटी पिशवीच नेता येते. वरच्या कप्प्यातल्या बॅगेला वेगळा दर. हेलसिंकीची ही कंपनी लो-कॉस्ट नाही, पूर्वापार फुल सर्व्हिस म्हणवणारी आहे, हे इथे ध्यानात घ्यावं. खाण्याचंही असंच. लुफ्तान्सात पाण्याची बाटली आणि चॉकलेट, ब्रिटिश एअरवेजमध्ये पाणी आणि एक छोटं पाकीट, आयबेरिया आणि एअर लिंगसमध्ये विकत. एअर फ्रान्स आणि केएलएम अजून काहीतरी खायला आणि प्यायला देतात. इस्तंबूलहून युरोपात जाणारी टर्किश एअरलाइन्स तर चक्क जेवण देते. तेव्हा 'मोठ्या कंपन्या देतात' आणि 'मोठ्या कंपन्या देत नाहीत' ही दोन्ही विधानं तितकीच निरुपयोगी आहेत. कंपनीच्या नावाबरोबर दराचं नाव वाचायला हवं.

"पण बॅगेचे पैसे घेणं कायदेशीर तरी आहे का?" हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. व्हुएलिंग या स्पॅनिश कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये निकाल दिला: चेक-इन बॅग ही प्रवासासाठी अनिवार्य गोष्ट नाही, तिचे वेगळे पैसे घेता येतात. हातातलं सामान मात्र प्रवासाचा आवश्यक भाग आहे. वजन-माप वाजवी असेल आणि सुरक्षेच्या अटी पाळल्या असतील, तर त्यावर जादा आकार लावता येणार नाही. वाजवी म्हणजे किती, हे न्यायालयाने सांगितलं नाही आणि भांडणं तिथेच पेटली. स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये केबिन बॅगेचे पैसे आणि तत्सम प्रकारांसाठी रायनएअर, व्हुएलिंग, इझीजेट, नॉर्वेजियन आणि व्होलोटिया यांना मिळून सुमारे 17 कोटी 90 लाख युरोंचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.

आपल्याकडच्या प्रवाशाचा गोंधळ आणखी एका कारणाने होतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मुंबई–फ्रँकफर्ट–व्हिएन्ना असं एकच तिकीट काढलं, तर सामानाचा एकच नियम पूर्ण प्रवासाला लागतो. मुंबईत दिलेली चेक-इन बॅग थेट व्हिएन्नाच्या पट्ट्यावर येते. या अनुभवावरून माणूस समजतो, की फ्रँकफर्ट–व्हिएन्ना विमानात बॅग 'असतेच'. पुढच्या वेळी तो मुंबई–फ्रँकफर्ट एकीकडे काढतो, आठवडाभर जर्मनीत राहतो आणि फ्रँकफर्ट–व्हिएन्ना वेगळं काढतो, सर्वांत स्वस्त दराने. विमान तेच, कंपनी तीच, पण आता त्याच्या तिकिटात 8 किलोच आहेत, आणि हातात लाडू-चिवड्याने भरलेली 23 किलोंची बॅग. शेजारच्या सीटवरची बाई मुंबईहून सलग तिकिटावर आलेली असेल, तर तिची तशीच बॅग खाली विमानाच्या पोटात एक पैसाही जादा न देता आलेली असते. दोघांच्या खुर्च्या सारख्या असल्या, तरी करार वेगळे आहेत.

शाकाहारी जेवणाबाबतही हाच घोळ होतो. मुंबईच्या लांबच्या उड्डाणासाठी 'हिंदू शाकाहारी जेवण' आधी सांगून ठेवता येतं. फ्रँकफर्ट–व्हिएन्ना हे अंतर आपल्या मुंबई–नागपूरपेक्षाही थोडं कमीच. त्या विमानात इकॉनॉमीला जेवणच नाही, तर विशेष जेवण कुठून येणार? आईवडील वयस्क असतील, मधुमेह असेल, तर कोरडा डबा हातातल्या पिशवीत हवाच. तो नेण्यावर कोणतीही एअरलाइन बंदी घालत नाही. सुरक्षा तपासणीतून दही, चटणी, लोणचं नेताना मात्र द्रवपदार्थांचा नियम लागतो.

मग जादा पैसे कशाचे द्यायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर 'कशाचेच नाही' असं मुळीच नाही. पहिलं, सलग तिकीट. आधीच्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं काढलेली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी, तिकीट बुडालं. दुसरं, विमानतळ. रायनएअरचं पॅरिस म्हणजे बऱ्याचदा बोवे, शहरापासून सुमारे 85 किलोमीटर. फ्रँकफर्ट-हान हे नावात फ्रँकफर्ट असलेलं विमानतळ तर शहरापासून सुमारे 120 किलोमीटरवर. रात्री अकराला तिथे उतरलेल्या दोन ज्येष्ठांचं काय होईल, याचा हिशेब तिकिटाच्या किमतीत धरायला हवा. तिसरं, एखादं उड्डाण रद्द झालं तर मोठ्या कंपनीची त्याच मार्गावर, त्याच दिवशी दुसरी उड्डाणं असण्याची शक्यता जास्त. माझ्या मते सत्तरीच्या आईवडिलांसाठी या तीन गोष्टींकरता चार पैसे जास्त मोजणं अगदी योग्य आहे. पाठीवरच्या एका पिशवीवर फिरणाऱ्या विद्यार्थ्याने मोजायचं काही कारण नाही.

खुर्चीकरता तर कोणीच मोजू नयेत. "लो-कॉस्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते" हे विधान निदान रायनएअरपुरतं टिकत नाही. तिच्या बोइंगमध्ये दोन ओळींमधलं अंतर सुमारे 30 इंच आहे, आणि मोठ्या कंपन्यांच्या एअरबस 320 मध्येही इकॉनॉमीला साधारण तेवढंच असतं, मागच्या ओळींत कधी इंचभर कमी. युरोपातला बिझनेस क्लाससुद्धा बहुतेक कंपन्यांत त्याच तीन-तीनच्या ओळींत असतो. मधली सीट रिकामी ठेवतात, पडदा पुढे-मागे सरकवतात, जेवण आणि लाउंज देतात. मुंबईच्या विमानातली आडवी होणारी खुर्ची डोळ्यांपुढे ठेवून कोणी त्याचे पैसे भरत असेल, तर त्याला वेळीच थांबवा.

दुसरा मोठा गैरसमज याहून जास्त नुकसान करतो, कारण त्यापायी लोक हक्काचे पैसे सोडून देतात. "स्वस्त तिकिटावर भरपाई मिळत नाही." साफ खोटं. युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे आणि त्यात तिकिटाच्या किमतीचा, वर्गाचा किंवा कंपनी छोटी की मोठी याचा काहीही संबंध नाही. उड्डाण ऐनवेळी रद्द झालं, तर 1500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, त्यापुढे युरोपीय संघाच्या आत 400 युरो. तीन तास किंवा अधिक उशीर झाल्यावरही ही भरपाई लागू होते, असं न्यायालयाने नोव्हेंबर 2009 च्या स्टर्जन खटल्यात ठरवलं. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड ही सबब चालत नाही. खराब हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप चालतो. छोट्या अंतरावर उशीर दोन तासांचा झाला की खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची, मग तिकीट कितीही स्वस्त असो. भरपाई रोख किंवा बँकेत मिळते. तुम्ही सही करून होकार दिल्याशिवाय कूपन गळ्यात मारता येत नाही.

एकाच बुकिंगवर मुंबईहून लुफ्तान्साने व्हिएन्नाला निघालात आणि फ्रँकफर्टचं पुढचं विमान कंपनीच्या चुकीने हुकलं, तर उशीर व्हिएन्नाला पोचेपर्यंतचा मोजतात आणि अंतर मुंबईपासूनचं. चार तासांहून जास्त उशीर असेल तर 600 युरो. एअर इंडियाने मुंबईहून निघालात तर हा नियम लागू नाही, कारण कंपनी युरोपीय नाही आणि प्रवास युरोपबाहेरून सुरू झाला. परतताना फ्रँकफर्टहून एअर इंडियानेच निघालात, तर लागू आहे.

उरलेले गैरसमज थोडक्यात. "स्वस्त एअरलाइन असुरक्षित असते": परवान्याचे आणि देखभालीचे युरोपीय नियम सर्वांना तेच आहेत, आणि 1985 पासून उडणाऱ्या रायनएअरच्या एकाही अपघातात प्रवासी दगावलेला नाही. "सीटचे पैसे भरले नाहीत तर सीट मिळणार नाही": सीट मिळते, निवडता येत नाही. "चेक-इन विमानतळावर केलं तरी चालतं": मोठ्या कंपन्यांत सहसा चालतं, रायनएअर त्याचे जबर पैसे घेते. "जातानाचं विमान सोडून रेल्वेने गेलो, तर येतानाचं तिकीट हातात आहेच": बहुतेक मोठ्या कंपन्यांत पहिला टप्पा न वापरल्यास पुढचे सगळे टप्पे रद्द होतात; लो-कॉस्टमध्ये जाण्या-येण्याची तिकिटं सहसा स्वतंत्र असतात.

"बॅग हरवली तर लो-कॉस्टवाले हात वर करतात" हेही ऐकू येतं. मॉन्ट्रियल करारानुसार सामानाची जबाबदारी सर्व कंपन्यांवर सारखीच आहे. कमाल मर्यादा डिसेंबर 2024 पासून प्रत्येक प्रवाशामागे 1519 एसडीआर, आणि एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. बॅग फुटली असेल तर ती मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा आली असेल तर 21 दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. विमानतळावरून बाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर नोंद करून तिचा क्रमांक घ्या आणि बॅगेवरची चिकटपट्टी फेकू नका.