विठू माझा लेकुरवाळा: एका लोकप्रिय गाण्याच्या मुळाविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘विठू माझा लेकुरवाळा’ हे गाणे शाळेच्या स्नेहसंमेलनात, आषाढीच्या बालदिंडीत, भजनी मंडळात आणि लाउडस्पीकरवर सारख्याच आवडीने वाजते. त्याची रचना संत जनाबाईच्या नावावर आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडला जन्मलेल्या आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबलेल्या एका दासीचे शब्द सातशे वर्षांनंतरही तोंडपाठ आहेत. एवढ्या लोकप्रियतेमुळे या गाण्याभोवती आणि एकूणच संतरचनांभोवती काही समजुती घट्ट झाल्या आहेत. त्या वस्तुस्थितीशी ताडून पाहण्याजोग्या आहेत.

गैरसमज १: जनाबाई पंढरपूरची होती.

वस्तुस्थिती: जनाबाईचे आयुष्य पंढरपुरात गेले, पण तिचा जन्म गोदावरीकाठच्या गंगाखेडचा. परंपरेनुसार तिच्या वडिलांचे नाव दमा आणि आईचे करुंड. लहानपणीच ती पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली. ‘नामयाची दासी’ ही तिची ओळख तिथूनची. गंगाखेडला तिचे मंदिर आहे, तर पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून एक जाते दाखवले जाते. नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा नर्सी गावाकडे बोट दाखवते. ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत नर्सी आणि गंगाखेड ही दोन्ही गावे परभणी जिल्ह्यातच होती.

गैरसमज २: अशी गाणी देवळात, टाळमृदंगाच्या गजरात जन्मली.

वस्तुस्थिती: कीर्तनाचा संस्कार जनाबाईवर होताच, पण तिच्या अभंगांतील जग घरकामाचे आहे. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेण्या वेचणे ही कामे त्यांत पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक कामात विठ्ठल हातभार लावतो. त्यामागे जात्यावरच्या गाण्याची मोठी परंपरा आहे. पहाटे एका हाताने खुंटा धरून जाते ओढायचे, दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण घालायची आणि पाळीच्या फेऱ्यांबरोबर ओवी लांबवत न्यायची. समोर दुसरी बाई बसली तर एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. श्रम हलके व्हावेत आणि मनातले बोलता यावे, ही या गाण्याची दुहेरी गरज होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या संग्रहावरून या परंपरेचा आवाका कळतो.

गैरसमज ३: हे केवळ गोड बालगीत आहे.

वस्तुस्थिती: गाण्यातील लेकरे म्हणजे त्या काळचे संत. विठ्ठलाच्या खांद्यावर निवृत्ती, हाताशी सोपान, पुढे ज्ञानेश्वर, मागे मुक्ताई. मांडीवर गोरा कुंभार, जिवाबरोबर चोखा, कडेवर बंका आणि करंगळी धरलेला नामा, असे हे चित्र आहे. त्या समाजात चोखामेळा आणि त्याचा मेहुणा बंका यांना अस्पृश्य मानले जाई. चोखोबाला देवळात प्रवेश नव्हता. जनाबाईने या दोघांना ज्ञानेश्वरादी वाळीत टाकलेल्या चौघा भावंडांच्या आणि कुंभार, शिंपी संतांच्या रांगेत आणले, तेही देवाच्या अंगाखांद्यावर. ही मांडणी करणारी बाई स्वतः दासी होती. या रचनेचे सामाजिक मोल तिच्या गोडव्याइतकेच मोठे आहे.

गैरसमज ४: आज ऐकू येणारी चाल जनाबाईच्या काळापासूनची आहे.

वस्तुस्थिती: अभंगांच्या गाथांत शब्द आहेत, स्वरलेखन नाही. जनाबाई कोणत्या सुरात गात होती, याचा लेखी पुरावा उरलेला नाही. वारकरी भजनात पिढीजात चाली आहेत आणि त्या फडाफडानुसार बदलतात. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी पोचलेल्या चाली मात्र बहुतांशी विसाव्या शतकातील संगीतकारांच्या आहेत. नामदेवांचे ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ हे राम फाटक यांच्या चालीत पंडित भीमसेन जोशी यांनी गायले. ज्ञानेश्वरांच्या रचना हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींत लता मंगेशकर यांच्या आवाजात गाजल्या.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपत असे. मोजक्या चरणांचा, शेवटी कवीची नाममुद्रा असलेला अभंग त्या वेळेत नेमका बसे. छंदही लवचीक. लहान अभंगाच्या चरणात साधारण आठ अक्षरे असतात. ‘विठू माझा लेकुरवाळा’ या चरणात नऊ आहेत आणि पुढच्या चरणात आठ. गाताना एखादे अक्षर आखडून किंवा लांबवून ताल सांभाळता येतो. त्यामुळे एकच रचना भजनात, सुगम संगीतात आणि मुलांच्या समूहगानातही सहज मावते.

गैरसमज ५: ‘जनी म्हणे’ आले की रचना नक्की जनाबाईचीच.

वस्तुस्थिती: जनाबाईच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात आणि ते मुख्यतः नामदेव गाथेबरोबर छापले गेले आहेत. तिच्या हातचे लिखाण उपलब्ध नाही. अभंग आधी मुखोद्गत राहिले, मग वह्यांत उतरले. या प्रवासात शब्द बदलले आणि त्याच नाममुद्रेने नंतरच्यांनीही लिहिले. नामदेवांच्या बाबतीत हे ठळक दिसते. ‘रात्र काळी घागर काळी’ ही गवळण अनेक जण संत नामदेवांची समजतात. ती नंतरच्या काळातील विष्णुदास नामा या कवीची आहे. म्हणून जनाबाईच्या रचनांविषयी ‘परंपरेने तिच्या नावावर असलेल्या’ असे म्हणणे अधिक अचूक ठरते.

गैरसमज ६: विठ्ठलाचे प्रत्येक जुने गाणे संतांचे असते.

वस्तुस्थिती: ‘इंद्रायणी काठी’ हे ग. दि. माडगूळकर यांचे गीत आहे. पु. ल. देशपांडे यांच्या संगीतात भीमसेन जोशी यांनी ते १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी गायले. ‘विठ्ठला तू वेडा कुंभार’ हेही गोरोबांचे नाही. ते माडगूळकरांनीच लिहिले, सुधीर फडके यांनी १९६१ च्या ‘प्रपंच’साठी संगीतबद्ध केले. ‘देहाची तिजोरी’ हे जगदीश खेबुडकर यांचे, १९७२ च्या ‘आम्ही जातो आमुच्या गावा’ या चित्रपटातले. ही गीते संतवाणीच्या वळणावर इतकी सहज लिहिली गेली की लोकांनी ती भजनात सामावून घेतली. शेवटच्या कडव्यात ‘तुका म्हणे’, ‘जनी म्हणे’ अशी नाममुद्रा आहे का, हे पाहणे ही प्राथमिक कसोटी. ती नसेल तर कवी शोधावा लागतो, आणि असली तरी पाठ तपासावाच लागतो.

भजने आणि गीते टिकली, जात्यावरच्या ओव्यांचे तसे झाले नाही. पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरातले जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर ओव्या म्हणण्याचे निमित्तही संपले. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ, पूर्णा या भागांतील वयस्क बायांना अजून काही ओव्या येतात. शाळा-महाविद्यालयांनी त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. कार्यक्रमात गाणे सादर करताना मूळ रचनाकार आणि चाल देणारा संगीतकार, दोघांचीही नावे सांगितली जावीत.