बदरपूरची राख

दिल्लीत नोकरीला होतो तेव्हा रोज व्हायोलेट लाइनच्या मेट्रोने जाणं-येणं असायचं. सरिता विहार मागे पडलं की खिडकीत बदरपूर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या यायच्या. पाऊस पडून गेलेल्या दिवशी त्या लांबूनच ठसठशीत दिसायच्या. दिवाळीनंतर मात्र गाडी तुघलकाबाद स्टेशनात शिरली तरी डोळे ताणून शोधाव्या लागायच्या. मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघण्याआधी मी त्या चिमण्यांकडे बघायचो.

15 ऑक्टोबर 2018 रोजी हे केंद्र कायमचं बंद झालं. राजधानीच्या हद्दीत कोळशावर चालणारं ते शेवटचं वीज केंद्र. यमुनेकाठचं इंद्रप्रस्थ केंद्र 2009 च्या अखेरीस आणि राजघाटचं 2015 मध्ये आधीच विझलं होतं.

बदरपूरचा पहिला संच 1973 मध्ये सुरू झाला. 95 मेगावॉटचे तीन आणि 210 मेगावॉटचे दोन असे पाच संच 1981 पर्यंत उभे राहिले. सगळे मिळून 705 मेगावॉट. कोळसा झरियाचा, पाणी आग्रा कालव्याचं, आणि 1978 पासून कारभार एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीकडे. चाळीसहून जास्त वर्षं या केंद्राने दिल्लीच्या दवाखान्यांत, शाळांत, गिरण्यांत उजेड पोचवला, आणि त्यासाठी राबणाऱ्या कामगारांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या उजेडाची किंमत आत कशी तयार होते, ते समजून घेतलं पाहिजे.

औष्णिक केंद्रात कोळसा खड्याच्या रूपात जळत नाही. तो दळून त्याचं पीठ करतात, टाल्कम पावडरीसारखं मऊ, आणि गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. पीठ हवेतच पेटतं. भट्टीच्या भिंतींमधल्या नळ्यांत पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. एका युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो, आणि आपल्याकडच्या कोळशात तिसऱ्या हिश्शाहून जास्त राखच असते. बदरपूरच्या फक्त दोन मोठ्या संचांचा हिशेब करून बघा. पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सात-साडेसात हजार टन कोळसा, म्हणजे मालगाडीचे दोन भरलेले रेक. राख निघणार रोज अडीच हजार टन.

या राखेतली जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. उरलेले पाचातले चार भाग धुराबरोबर वर निघतात. त्यांना अडवण्यासाठी ईएसपी नावाची यंत्रणा असते. इमारतीएवढ्या पेट्या, आत पत्र्यांच्या रांगा आणि हजारो व्होल्टचा दाब. राखेचा कण भारित होऊन पत्र्याला चिकटतो, ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यावर ठोके देतात आणि साचलेली राख खालच्या हॉपरमध्ये कोसळते. युक्ती साधी आणि सुंदर आहे. आपल्या कोळशाची राख मात्र विजेला फार रोध करते, त्यामुळे जुन्या यंत्रांना ती पकडणं जड जातं. समजा शंभरातले नव्याण्णव भाग पकडले, तरी उरलेला एक भाग म्हणजे रोजची वीस टन राख. आणि निसटतात ते नेमके सगळ्यात बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. नाकातले केस, घशातला कफ, कशालाही ते अडत नाहीत. फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात आणि तिथून रक्तात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, सगळ्यांशी त्यांचं नातं वैद्यकशास्त्राने पक्कं केलेलं आहे.

गंधकाचा वायू तर ईएसपीला दिसतही नाही. चिमणीतून तो वायू म्हणून निघतो, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो आणि वाटेत त्याचे बारीक सल्फेट कण होतात. चिमणी एका जिल्ह्यात, खोकला दुसऱ्यात.

सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2015 मध्ये देशातल्या कोळसा केंद्रांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा बदरपूर सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्यांत निघालं. दिल्लीच्या विजेत त्याचा वाटा जेमतेम 8 टक्के, पण शहरातल्या वीजनिर्मितीतून हवेत जाणाऱ्या कणांमध्ये 80 ते 90 टक्के, असा त्या संस्थेचा हिशेब होता. तरी ते एका फटक्यात बंद झालं नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये धुरक्याने दिल्लीचा गळा आवळला. शाळांना सुट्टी, बांधकामं बंद, आणि बदरपूरही दहा दिवस बंद असा हुकूम निघाला. पुढे मुदत वाढली. मार्च 2017 मध्ये केंद्र पुन्हा चालू झालं, ऑक्टोबरात पुन्हा थांबवलं, उन्हाळ्यात पुन्हा पेटवलं. दक्षिण दिल्लीला दुसरीकडून वीज आणून देणारं तुघलकाबादचं उपकेंद्र तयार होईपर्यंत कायमचं कुलूप लावता येत नव्हतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. दिल्लीला बदरपूर बंद करता आलं, कारण तिच्यासाठी दुसरीकडे कोळसा जळत होता: दादरीत, झज्जरमध्ये, सिंगरौलीत. निर्णय योग्यच होता, मी त्याच्या बाजूने कुठेही उभा राहीन. पण सिंगरौलीच्या मुलाचं फुफ्फुस दिल्लीच्या मुलाच्या फुफ्फुसाहून वेगळं नसतं. महाराष्ट्रातही तसंच आहे. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची उच्चदाब वाहिनी आहे, 1500 मेगावॉट वाहून नेणारी. वीज पडघ्याला पोचते, राख चंद्रपुरात राहते.

डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने चिमण्यांसाठी कडक निकष आणले. गंधक धुऊन काढणारी यंत्रणा दोन वर्षांत बसवायची होती. मुदत पुढे ढकलत ढकलत जुलै 2025 आला, आणि देशातल्या बहुतेक संचांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. बंधन सरसकट उरलं ते दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या 10 किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना. श्वासाची किंमत गावाच्या लोकसंख्येवरून ठरवली, आणि मला ती मान्य नाही.

बदरपूरच्या कायम कर्मचाऱ्यांना बदल्या मिळू शकत होत्या. कंत्राटी माणसाला बदलीचा हुकूम कधी येत नसतो. आणि राख तर जागेवरच राहिली. अशा केंद्रांत ती पाण्यात कालवून नळांनी तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात तळ्याचा पृष्ठभाग सुकला की वारा ती उचलून शेजारच्या वस्त्यांत नेतो. बदरपूरच्या राखेच्या तळ्यांची जागा 884 एकर आहे. तिच्यावर माती टाकून झाडं लावायचं, इको पार्क करायचं काम एनटीपीसीने हाती घेतलं. चाळीस वर्षांची राख झाकायची म्हणजे लहान काम नाही, आणि ते नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

माझी मावशी विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राजवळच्या वस्तीत राहते. दिल्लीतलं केंद्र बंद झालं तेव्हा मी तिला उत्साहाने फोन केला होता. ती म्हणाली, "बरं झालं बाप्पा, लेकरं तरी सुटली तिथली." मग तिच्या गच्चीचा विषय निघाला. दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर करडी झाक येते, झटकली तर ती आणखी पसरते, म्हणून आधी फुंकर घालायची, मग हलक्या हाताने उचलायची, हे तिने मला शिकवलेलं आहे. उन्हाळी वाळवणं ती वाऱ्याची दिशा बघून घालते. चिमणीकडून वारा असला की त्या दिवशी गच्चीवर काही नाही.

यंदा तिने कुरडया आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंख्याखाली वाळवल्या.