न रुतणारी मोटार

चिखलात अडकलेली गाडी तुम्ही पाहिलीच असेल. ड्रायव्हर जितका जोर लावतो, तितकं चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि आणखी खोल जातं. मग कुणीतरी शहाणा माणूस चाकाखाली फळी सरकवतो आणि गाडी बाहेर येते. आता गंमत पाहा. ही फळी गाडीने स्वतःबरोबरच बाळगली तर? स्वतःच पुढे अंथरायची, तिच्यावरून जायचं आणि मागून उचलून पुन्हा पुढे टाकायची! अशी गाडी बनवणारा एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव अडॉल्फ केग्रेस.

केग्रेस मूळचा फ्रान्सचा. १८७९ साली एरिकूर नावाच्या गावी त्याचा जन्म झाला. तरुणपणी नोकरीसाठी तो थेट रशियाला गेला आणि पुढे झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्याचा प्रमुख झाला. झारला मोटारींची भारी हौस. एकाहून एक उंची गाड्या त्याच्या दाराशी उभ्या असत. पण रशियातला हिवाळा म्हणजे कित्येक महिने नुसता बर्फ. गुडघाभर बर्फापुढे झारची गाडी काय आणि आणखी कुणाची काय, सगळ्या सारख्याच!

केग्रेसने मागची चाकं काढली आणि तिथे रबराचे रुंद पट्टे बसवले. पट्ट्याच्या आत छोट्या चाकांची एक चौकट, आणि ती सगळी चौकट खालीवर डुलू शकेल अशी जोडलेली. म्हणजे जमीन वर गेली की पट्टाही वर आणि खड्डा आला की पट्टाही खाली. पुढची चाकं मात्र वळण्यासाठी तशीच ठेवली. बर्फ फार असेल तर त्यांना घसरपट्ट्या लावायच्या.

यामागचं गणित तुम्हालाही जमेल. समजा, गाडीचं वजन १२०० किलो आहे आणि चारही टायर मिळून ६०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकलेत. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ किलोचा भार. तीच गाडी पट्ट्यांमुळे २४०० चौरस सेंटिमीटरवर टेकली, तर भार फक्त अर्धा किलो! वजन तेवढंच, पण ते पसरलं. उंट वाळूत का रुतत नाही? त्याच्या पसरट पावलांचंही हेच गुपित.

लोखंडी साखळीचे पट्टे तेव्हा ट्रॅक्टरला लावत असत. पण ते जड, खडखडाट करणारे आणि रस्त्याची वाट लावणारे. केग्रेसचा रबरी पट्टा हलका होता आणि मोटारीच्या वेगाने पळत होता. त्याचं खरं डोकं चाललं ते इथे.

मग आलं १९१७ साल. रशियात क्रांती झाली, झारची सत्ता गेली. त्याच्या जवळच्या माणसांनाही तिथे राहणं धोक्याचं झालं. केग्रेस रशिया सोडून निघाला आणि फिनलंडमार्गे मायदेशी परतला. नोकरी गेली, मोटारखाना गेला. कल्पना तेवढी बरोबर आली.

पण ती मागेही राहिलीच होती, बरं का! क्रांतिकारकांच्या लाल सेनेने चिलखती गाड्यांना केग्रेसचेच पट्टे बसवले. एवढंच नाही, खुद्द लेनिनच्या रोल्स रॉइसलाही मागे पट्टे आणि पुढे घसरपट्ट्या लावण्यात आल्या. ती गाडी रशियात अजून जपून ठेवलेली आहे. झारसाठी केलेली युक्ती, आणि बर्फातून फिरला लेनिन!

फ्रान्समध्ये केग्रेसची गाठ पडली आंद्रे सित्रोएन या मोटार कारखानदाराशी. सित्रोएन जाहिरातीत मोठा पटाईत. गाडी बर्फात चालते, मग वाळूत का नाही? सहारा वाळवंट मोटारीने पार करून दाखवायचं त्याने ठरवलं. १७ डिसेंबर १९२२ रोजी अल्जीरियातल्या तुगुर्तहून पाच गाड्या निघाल्या. एकीचं नाव 'सोनेरी भुंगा', दुसरीचं 'रुपेरी चंद्रकोर', तिसरीचं चक्क 'उडतं कासव'! मोहिमेचा नायक होता जॉर्ज-मारी हार्ट. बरोबर त्याची फ्लॉसी नावाची कुत्रीही होती. सुमारे ३२०० किलोमीटर तुडवत ७ जानेवारी १९२३ रोजी सगळे टिंबक्टूला पोहोचले. (हो, टिंबक्टू हे गाव खरोखरच आहे!) उंटांच्या तांड्यांना ज्या वाटेला महिनेच्या महिने लागत, ती बावीस दिवसांत संपली.

त्यानंतर आफ्रिका उभी पार झाली. पण मला विचाराल, तर खरी कसोटी लागली ती हिमालयात. १९३१ साली बैरूतहून चीनकडे एक मोहीम निघाली. तिचा नायकही हार्टच. आधी रशियातून जायचं ठरलं होतं, पण तिथल्या सरकारने दिलेली परवानगी काढून घेतली. मग वाट वळली काश्मीरकडे. श्रीनगरहून गिलगिटला जाणारी ती वाट होती खेचरांची. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. त्यात चार हजार मीटरहून उंच असलेली बुर्झिल खिंड.

या वाटेवर दोनच गाड्या काढल्या. एके ठिकाणी वाटेची कड ढासळली आणि गाडी दरीवर लोंबकळत राहिली. ती मोठ्या खटपटीने मागे ओढून घेतली. काही ठिकाणी तर वाट इतकी अरुंद, की गाडी पूर्ण सुटी करावी लागली. एकेक भाग हमालांच्या पाठीवर पलीकडे गेला आणि तिथे गाडी पुन्हा जोडली. ज्यांनी हे ओझं वाहिलं, त्या काश्मिरी हमालांचं कौतुक करावं तेवढं थोडंच! ऑगस्टमध्ये गाड्या गिलगिटला पोहोचल्या. तिथून पुढे मात्र त्यांना सोडून घोड्यांवरूनच जावं लागलं. पट्ट्यालाही मर्यादा असतातच.

इकडे सैन्याधिकाऱ्यांचं लक्ष या गाड्यांवर होतंच. जी गाडी वाळवंट ओलांडते, ती तोफाही ओढेल आणि शिपाईही नेईल. फ्रेंच सैन्याने त्या घेतल्या. अमेरिकी सैन्याने १९३१ मध्ये एक विकत घेतली, तिचा कसून अभ्यास केला आणि त्यातून आपली 'हाफ-ट्रॅक' उभी केली. पुढे चाकं, मागे रबरी पट्टे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा चाळीस हजारांहून अधिक गाड्या बनवल्या. युद्धाचे सिनेमे पाहिले असतील, तर ही गाडी तुम्ही नक्की ओळखाल.

आणि फ्रान्स? १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स जिंकला. फ्रेंच सैन्याच्या गाड्या जर्मनांच्या हाती पडल्या आणि केग्रेसच्याच पट्ट्यांवरून शत्रूचे शिपाई फिरू लागले. १९४३ साली केग्रेस वारला, तेव्हा त्याचा देश अजून जर्मनांच्या ताब्यातच होता.

मृत्यूपूर्वी त्याने आणखी एक करामत केली होती. गिअर बदलताना क्लच दाबला, की इंजिनाची ताकद क्षणभर चाकांपर्यंत पोहोचत नाही. केग्रेस म्हणाला, क्लच दोन ठेवू. एक पहिला गिअर सांभाळेल, तोवर दुसऱ्यावर पुढचा गिअर तयार! सित्रोएनच्या एका मोटारीत त्याने हे बसवूनही पाहिलं. पण युद्ध आलं आणि सगळं तिथेच राहिलं. २००३ साली फोक्सवॅगन कंपनीने दोन क्लचचा गिअरबॉक्स घातलेली मोटार बाजारात आणली आणि मग इतरही कंपन्या तो वापरू लागल्या. आपल्याकडच्या काही मोटारींतही तो असतो. घरच्या किंवा शेजारच्या गाडीत तो आहे का, एकदा विचारून बघा.