नवी शाहजोग पेढी

जुन्या व्यापारात ‘शाहजोग हुंडी’ असा एक प्रकार रूढ होता. ती घेऊन येईल त्याला पैसे मोजून देता येत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच ते द्यावे लागत. समोर उभा असलेला मनुष्य कोण, याची खात्री करून घेण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्या पेढीवर असे. १८ व्या शतकात मुर्शिदाबादच्या जगत्सेठ या जैन घराण्याच्या हुंड्यांनी बंगालचा महसूल दिल्लीस पोहोचत असे, तो याच विश्वासाच्या बळावर.

आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील व्यापारी कुटुंबांतील तरुण परदेशातून येणारे पैसे कुटुंबीयांच्या हाती देण्याच्या व्यवसायाकडे वळू पाहतात, तेव्हा ते या जुन्याच वाटेवर पाऊल ठेवत असतात. वाव मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होता.

या व्यवसायाची चौकट रिझर्व्ह बँकेच्या ‘मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम’ने आखून दिली. २०१७ च्या निर्देशांनुसार परदेशी कंपनीचा भारतीय एजंट होण्यासाठी किमान ५० लाख रुपयांचा स्वनिधी लागतो, शिवाय परकीय चलन व्यवहाराचा परवानाही. छोट्या दुकानदारासाठी मार्ग आहे तो अशा एजंटाचा उप-एजंट होण्याचा. एका व्यवहाराची मर्यादा २,५०० डॉलर असून एका व्यक्तीस वर्षभरात ३० वेळाच पैसे स्वीकारता येतात. रोखीने ५० हजार रुपयांपर्यंतच देता येतात. त्यावरील रक्कम धनादेशाने किंवा थेट खात्यात द्यावी लागते. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून करार करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेले निर्देश वाचणे आवश्यक.

ही योजना केवळ येणाऱ्या पैशांसाठी आणि केवळ घरखर्चासारख्या वैयक्तिक कारणांसाठी आहे. मालाचे बिल, घराची खरेदी, गुंतवणूक यांचे पैसे या मार्गाने आणता येत नाहीत. धर्मादाय संस्थेची देणगीही आणता येत नाही. दुबईतील भाविकाला आपल्या गावच्या जिनालयाच्या जीर्णोद्धारासाठी रक्कम पाठवायची असेल, तर हेतू कितीही पवित्र असला तरी मार्ग हा नव्हे.

खरी कसोटी येथेच लागते. कारण मोहाचे बोलणे अनोळखी माणूस क्वचितच करतो. नात्यातले कोणी, संघातले कोणी दुकानात येऊन म्हणते, “तिकडे दिरहम माझा भाऊ देईल, इकडे रुपये तुम्ही द्या. घरचाच मामला आहे, कागद कशाला?” याचे नाव हवाला. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, रक्कम निश्चित करता येत असेल तर, तिच्या तिप्पट दंड होऊ शकतो. दंडाबरोबर पिढ्यांची पतही जाते.

‘तत्त्वार्थसूत्रा’ने अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना ‘विरुद्धराज्यातिक्रम’ मोजला आहे. राज्याचे नियम मोडून केलेला व्यापार असा त्याचा अर्थ केला जातो. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटा लेख करणे आणि ठेव गिळंकृत करणे या दोन्ही गोष्टी आहेत. गुपित उघड करणेही त्याच यादीत येते. कोणाच्या मुलाने किती पैसे पाठविले, ही गोष्ट शेजारच्या दुकानात सांगितली जाता कामा नये, ही शिकवण ग्राहकांची माहिती जपण्याच्या आजच्या नियमांहून फार जुनी आहे.

नफ्याचे गणित मात्र आधीच मांडावे. उत्पन्न दलालीचे असते आणि बँका व मोबाइल ॲपमुळे ते आकसते आहे. फेब्रुवारी २०२३ पासून सिंगापूरचे ‘पे-नाऊ’ आणि आपले ‘यूपीआय’ जोडले गेले, तेव्हा तेथून येणारा पैसा दुकानाला वळसा घालून थेट खात्यात पोहोचू लागला. म्हणून केवळ या एका कामावर भाडे, पगार आणि व्याज निघेल असे धरू नये. चालू दुकानाला जोड म्हणून ते शोभते. ज्या वृद्ध आई-वडिलांना ॲप उमगत नाही, त्यांच्याकडे ओळखपत्र मागताना अपमान होणार नाही अशी वाणी आणि मोजलेले पैसे पुन्हा मोजून देण्याचा धीर, हेच दुकानाचे खरे भांडवल.

ओळखीची कागदपत्रे आणि व्यवहाराच्या नोंदी किमान पाच वर्षे जपाव्या लागतात. संशयास्पद व्यवहार, रक्कम कितीही लहान असो, कळवावा लागतो. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरांना नोंदींचे ओझे वाटण्याचे कारण नाही. पूजा ज्या वहीची होते, तिच्यात आलेला प्रत्येक रुपया लिहिलेला असावा, एवढेच हा व्यवसाय मागतो.